२०१६ ची एनबीए अंतिम मालिका: कॅव्हजनी जिंकली की वॉरियर्सनी घालवली?

सहावा_माणूस (धागाकर्ता):

गेल्या रविवारी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. जेवणं आटोपली, आणि त्याने सहज बोलल्यासारखं म्हटलं, "क्लीव्हलँडचा २०१६ चा चषक निम्मा तर लीगनेच त्यांच्या हातात ठेवला." रात्री दीडपर्यंत वाद चालला. वहिनींनी दोनदा चहा केला. तरी माझं समाधान झालेलं नाही, म्हणून इथे मांडतो. इथली मंडळी बास्केटबॉल मनापासून बघतात हे मला माहीत आहे.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. अंतिम फेरी सात सामन्यांची, आधी चार जिंकेल तो विजेता. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकले आणि १९९५-९६ च्या शिकागो बुल्सचा ७२ विजयांचा विक्रम मोडला. मोसमाची सुरुवातच सलग २४ विजयांनी झाली होती. त्यांच्या स्टेफ करीने ४०२ थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) मारले आणि एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात पहिल्या पसंतीचं एकही मत दुसऱ्या कुणाला गेलं नाही. असं एनबीएत त्याआधी कधीच झालं नव्हतं. जानेवारीत हेच वॉरियर्स क्लीव्हलँडला जाऊन ३४ गुणांनी जिंकून आले. त्याच आठवड्यात कॅव्हजनी (क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सनी) प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांना काढलं आणि टायरन लूच्या हाती संघ दिला. तेव्हा कॅव्हजचे ३० विजय आणि ११ पराभव होते, म्हणजे चालत्या गाडीचा ड्रायव्हर बदलला.

जूनमध्ये दोघे अंतिम फेरीत समोरासमोर आले. चार सामन्यांनंतर वॉरियर्स ३-१ ने पुढे. त्याआधी अंतिम फेरीत ३२ संघ ३-१ ने मागे पडले होते आणि ३२ च्या ३२ हरले होते. चौथ्या सामन्याच्या शेवटी वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन आणि कॅव्हजचा लेब्रॉन जेम्स यांची झटापट झाली. लेब्रॉन पडलेल्या ग्रीनला ओलांडून गेला, ग्रीनने हात चालवला. लीगने नंतर चित्रफीत बघून त्याला फ्लेग्रंट-१ (गंभीर फाउल, एक दंडगुण) दिला. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) असे चार दंडगुण साठले की एका सामन्याचं निलंबन आपोआप होतं. ग्रीनचे तीन आधीच जमले होते, त्यामुळे पाचवा सामना त्याला मैदानाबाहेर काढावा लागला. कॅव्हज पाचवा जिंकले, सहावा जिंकले आणि १९ जून २०१६ ला ओकलंडमध्ये सातवाही ९३-८९ ने जिंकले.

माझं मत सरळ आहे. निलंबनाने फार तर एक सामना हलला. ३-१ ने मागे असताना चषक मिळायला तीन सामने जिंकावे लागतात, त्यातले दोन प्रतिस्पर्ध्याच्या घरी. सहाव्या आणि सातव्या सामन्यात ग्रीन खेळला. सातव्यात तर त्याने ३२ गुण, १५ रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा बॉल पकडणं) आणि ९ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले. त्या रात्री वॉरियर्सकडून त्याच्याइतकं चांगलं कुणीच खेळलं नाही. मग "ग्रीन नव्हता म्हणून हरलो" हे कुठून आलं? हा चषक क्लीव्हलँडने मिळवलेला आहे आणि त्याच्यावर कुठलीही चांदणी (शंकेची * खूण) चिकटवायची नाही.

बोला.

ओकलंडची_लेक:

मी फ्रीमाँटला राहते, २००५ पासून वॉरियर्सची आहे. म्हणजे करी यायच्या आधीपासून. २००७ मध्ये आठव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये शिरून ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला हरवणारा आमचा संघ मी ऑरॅकल अरीनात बसून पाहिलाय. तेव्हा मोठा संघ लहान संघाकडून हरतो म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

तुमची मांडणी नीट आहे, पण तुम्ही मालिकेतला सर्वात महत्त्वाचा दुवाच सोडून दिलात. मालिका म्हणजे सात सुटे सामने नव्हेत. पाचवा सामना आमच्या घरी होता. ३-१ असताना घरी, पूर्ण संघानिशी, आम्ही तो जिंकलो असतो आणि सहावा सामना झालाच नसता. ग्रीन हा आमच्या बचावाचा पाया होता. साडेसहा फुटांचा माणूस सेंटरच्या (बास्केटखालच्या उंच खेळाडूच्या) जागी उभा राहून सगळ्यांना आवाज देऊन हलवायचा. तो नसताना बास्केटखाली कोण होतं? बोगट होता, आणि त्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढचे दोन सामने तोही नाही. म्हणजे एका निलंबनाने सेंटरच्या जागेवरची दोन्ही माणसं एकाच रात्री गेली. ग्रीन असता तर बोगटला तितका वेळ मैदानावर राहावंच लागलं नसतं.

त्या रात्री ग्रीन शेजारच्या बेसबॉलच्या मैदानात आमच्या जनरल मॅनेजरसोबत बसला होता, जिंकलो तर धावत यायला मिळावं म्हणून. ते चित्र आठवलं की अजून पोटात तुटतं.

आणि करी. पहिल्याच फेरीत ह्यूस्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा एमसीएल हा अस्थिबंध दुखावला होता. तो परतला, पोर्टलंडविरुद्ध जादा वेळेत १७ गुण केले, आणि सगळ्यांनी मानलं की बरा झाला. बाजूला सरकताना तो पूर्वीसारखा नव्हता, हे रोज बघणाऱ्याला कळत होतं. चांदणी मला नकोच आहे. पण "फार तर एक सामना हलला" हे वाक्य मागे घ्या.

आकडेमोड:

लेकताईंचा पाचव्या सामन्याचा मुद्दा ऐकून जुनी गुणपत्रिका पुन्हा काढली.

कॅव्हज ११२, वॉरियर्स ९७. लेब्रॉन ४१, कायरी अर्व्हिंग ४१. अंतिम फेरीच्या एका सामन्यात एकाच संघाच्या दोघांनी चाळिशी ओलांडण्याची ती पहिली वेळ. कायरीने २४ पैकी १७ फटके टाकले. ग्रीन नव्हता म्हणून लेब्रॉनला बास्केटपर्यंत वाट मोकळी मिळाली, हे मान्य करायला हवं. पण कायरीचे बरेच फटके बास्केटपासून लांबून, अंगावर हात असताना गेलेले आहेत. ते ग्रीन असता तरी गेलेच असते. कायरीसमोर क्ले थॉम्प्सन होता आणि क्ले त्या संघाचा गार्डवरचा सर्वोत्तम बचावपटू होता.

आता वॉरियर्सचा हॅरिसन बार्न्स बघा. शेवटच्या तीन सामन्यांत त्याने ३२ फटके मारले आणि ५ गेले. पाचव्यात १४ पैकी २, सहाव्यात ८ पैकी एकही नाही, सातव्यात १० पैकी ३. कॅव्हज मुद्दाम त्याला मोकळा सोडून करी आणि क्लेवर माणसं टाकत होते. याचा ग्रीनच्या निलंबनाशी संबंध एकाच सामन्यापुरता. उरलेल्या दोन सामन्यांचं उत्तर वॉरियर्सच्या समर्थकांनी द्यावं.

आणि एक आकडा मला फार आवडतो. सहा सामन्यांनंतर दोन्ही संघांचे एकूण गुण मोजा: ६१०-६१०. सातव्या सामन्यात शेवटची साडेचार मिनिटं राहिली तेव्हा ८९-८९. म्हणजे सात रात्री खेळून दोघे ६९९-६९९ वर उभे होते. एवढ्या बरोबरीच्या मालिकेत "खरा श्रेष्ठ कोण" हे शेवटच्या चार गुणांवर ठरलं, आणि ते चारही गुण क्लीव्हलँडचे.

पहाटे_साडेपाच:

६९९-६९९ वाचून अंगावर काटा आला! हे मला माहीत नव्हतं.

मी तेव्हा नागपूरला बारावीत होतो. भारतात सोमवार पहाटे साडेपाचला सामना सुरू. आई उठायच्या आत टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. आठ वाजता क्लास होता, गेलो नाही. ८९-८९ नंतर कुणाचंच काही जात नव्हतं. मिनिटभर, दोन मिनिटं, तीन मिनिटं. दुसऱ्या कुठल्या सामन्यात इतका वेळ श्वास धरून बसलो असेन असं वाटत नाही. वॉरियर्सचे शेवटचे नऊच्या नऊ फटके चुकले. नऊ! त्या संघाचे, ज्यांनी वर्षभर डोळे मिटून थ्री टाकले!

मी लेब्रॉनचा, हे सांगायची गरज नाही. पण लेकताई म्हणतात त्यात मला एक पटतं: करी थकलेला दिसत होता. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने पाठीमागून पास दिला आणि तो सरळ मैदानाबाहेर गेला. असा पास तो वर्षभर देत होता आणि वर्षभर तो क्लेच्या हातात पडत होता.

नागपाडा_गार्ड:

मी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर लहानाचा मोठा झालो, आता तिथेच पोरांना शिकवतो. आमच्याकडे सिमेंटवर खेळून गुडघे फुटलेले असतात, त्यामुळे करीच्या गुडघ्याबद्दल मी हलक्यात बोलणार नाही. पण या धाग्यावर अजून कुणी डावपेचांवर आलं नाही. ही मालिका तिथे फिरली.

पहिल्या दोन सामन्यांत वॉरियर्सनी कॅव्हजना धुतलं. १०४-८९ आणि ११०-७७. तेव्हा लेब्रॉन वरून बॉल घेऊन एकटा शिरायचा आणि समोर वॉरियर्सचा इग्वोडाला असायचा. २०१५ च्या अंतिम फेरीत याच इग्वोडालाला एमव्हीपी मिळाला होता, लेब्रॉनला रोखल्याबद्दल. आता पाचव्या सामन्यापासून बघा. करी ज्याच्यावर उभा आहे त्याला कॅव्हज बोलावतात. कधी जे. आर. स्मिथ, कधी शम्पर्ट. तो येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभा राहतो. वॉरियर्स सगळ्या स्क्रीनवर माणसं बदलतात, तीच त्यांची वर्षभराची ताकद होती. बदलली की करी येतो लेब्रॉनसमोर किंवा कायरीसमोर. पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी. माणूस बचावात रोज पंचवीस-तीस वेळा असा मार खातो तेव्हा हल्ल्यात त्याचे पाय जड होतात. पहाटेवाल्या भावाने जो चुकलेला पास सांगितला, त्याची सुरुवात दुसऱ्या टोकाला झालेली होती.

शेवटचा कायरीचा थ्री आठवा. ५३ सेकंद शिल्लक. कायरीवर क्ले होता. जे. आर. स्मिथ आला, स्क्रीन लावला, करी बदलून पुढे आला. कायरीने उजवीकडे दोन-तीन ड्रिबल घेतले, एक पाऊल मागे टाकलं आणि करीच्या हातावरून सोडला. ९२-८९. हा फटका नशिबाचा नव्हे. तीन सामने ते हाच फटका शोधत होते.

टायरन लूला याचं श्रेय फार कमी मिळतं. आणि याचा निलंबनाशी काहीएक संबंध नाही.

ओकलंडची_लेक:

गार्डदादा, हे वाचून मला त्रास झाला, कारण ते खरं आहे. मी त्या वर्षी करीला दोष द्यायला तयारच नव्हते. आमच्या घरात "दुखापत" हा एकच शब्द चालायचा.

तरी माझा प्रश्न उभाच आहे. करीला असं लक्ष्य करणं शक्य झालं कारण त्याच्यामागे आधार कमी पडला. ग्रीन आणि बोगट दोघे मागे असतात तेव्हा करीला कुणी पार केलं तरी पुढे भिंत असते. सातव्या सामन्यात शेवटच्या सहा मिनिटांत मागे कोण होतं? एझिली. लेब्रॉनने त्याला हुलकावणी देऊन थ्रीवर फाउल काढला, तीन फ्री थ्रो टाकले. पुढच्याच खेपेला त्याच्याच डोक्यावरून थ्री मारला. सहा गुण. आम्ही हरलो चार गुणांनी. बोगट तंदुरुस्त असता तर एझिली त्या वेळी मैदानावर नसता.

माझा राग लीगवर नाही. ग्रीनवर आहे. ह्यूस्टनच्या मालिकेत त्याने बीझलीला खाली पाडलं, एक गुण. ओक्लाहोमाच्या स्टीव्हन अॅडम्सला लाथ लागली, आणखी दोन. तीन गुण डोक्यावर असताना, सामना खिशात असताना, हात चालवायचा कशाला? नियम सगळ्यांना माहीत होता.

सहावा_माणूस:

लेकताई, "फार तर एक सामना" हे मी मागे घेतो. बोगटचा गुडघा त्याच सामन्यात गेला हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. निलंबनाचे पडसाद सातव्या सामन्यापर्यंत गेले, हे मान्य.

पण मग दुसरी बाजूही धरा. २०१५ ची अंतिम फेरी. कॅव्हजच्या केव्हिन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला होता. कायरीच्या गुडघ्याची वाटी पहिल्याच सामन्यात फुटली. लेब्रॉन एकटा उरला आणि तरी मालिका सहा सामन्यांपर्यंत गेली. वॉरियर्सचा ४० वर्षांनंतरचा तो चषक. १९७५ नंतरचा पहिला. त्यावर तुम्ही चांदणी लावता का? मी नाही लावत. त्या संघाने समोर जो आला त्याला हरवलं. हाच न्याय २०१६ ला लावा.

गेल्या वर्षीचंच बघा. २०२५ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना, इंडियाना पेसर्सचा हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये अकिलीस तुटून कोसळला. ओक्लाहोमा सिटी थंडर १०३-९१ ने जिंकले. त्या पोराकडे बघून मला रडू आलं. पण चषक थंडरचाच. अंतिम फेरी जूनमध्ये असते. ऑक्टोबरपासून शंभरेक सामने खेळून माणसं तिथे पोचतात. तिथे कुणीच अखंड पोचत नाही.

एरीकाठ:

उशिरा येतोय, क्षमस्व. मी २००३ पासून क्लीव्हलँडच्या उपनगरात राहतो. त्याच वर्षी शेजारच्या अॅक्रनचा अठरा वर्षांचा मुलगा कॅव्हजनी घेतला, आणि त्याच वर्षी मी इथे नोकरीला लागलो. ऑफिसात पहिल्या आठवड्यात मला दोनच गोष्टी विचारल्या गेल्या: थंडी झेपते का, आणि लेब्रॉनला बघितलंस का.

तुम्ही सगळे डावपेच आणि गुडघे बोलताय, छान आहे. पण इथल्या माणसांसाठी हा वाद कधीच नव्हता, त्याचं कारण सांगतो. १९६४ मध्ये ब्राउन्स फुटबॉलचे विजेते झाले, त्यानंतर ५२ वर्षं या शहराच्या एकाही मोठ्या संघाने काही जिंकलं नव्हतं. १९८९ मध्ये मायकल जॉर्डनने शेवटच्या क्षणी क्रेग इलोच्या डोक्यावरून फटका मारून आम्हाला बाहेर काढलं. १९९५ च्या मोसमानंतर मालकाने ब्राउन्स संघच उचलून बाल्टिमोरला नेला. १९९७ मध्ये बेसबॉलची वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात गेली. इथल्या लोकांना त्या प्रत्येक पराभवाची तारीख आपल्या घरातल्या श्राद्धतिथीसारखी पाठ असते. मग २०१० मध्ये लेब्रॉनने टीव्हीवर बसून सांगितलं की मी मायामीला चाललो. त्या रात्री आमच्याकडे लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. माझ्या शेजाऱ्याने जाळली नाही, तळघरात ठेवून दिली. २०१४ मध्ये तो परतला तेव्हा शेजाऱ्याने ती धुऊन अंगणात वाळत घातली होती.

सातव्या सामन्याला आम्ही क्लीव्हलँडच्या अरीनात होतो. सामना ओकलंडला, पण इथे मोठ्या पडद्यावर बघायला अरीना गच्च भरलेला. ८९-८९ झालं तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून घेतले. शेवटपर्यंत उघडले नाहीत. तिच्या नातवाने कानात सांगितलं तेव्हा तिला कळलं.

तीन दिवसांनी मिरवणूक निघाली. तेरा लाखांच्या आसपास माणसं आली असा अंदाज होता. शहराची स्वतःची लोकसंख्या चार लाखांच्याही खाली. पंढरीच्या वाटेवर आषाढीच्या आधी जे दिसतं ते मला परदेशात त्या एकाच दिवशी दिसलं. लोक पार्किंगच्या इमारतींच्या कठड्यांवर, ट्रॅफिकच्या खांबांवर चढलेले. अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. त्यांच्यापैकी कुणालाही "ग्रीन असता तर" हा प्रश्न पडलेला नव्हता.

आकडेमोड:

एरीकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तरी माझं काम मी करतो. सातव्या सामन्यात लेब्रॉन २४ पैकी ९ होता. २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, पण नेमबाजी साधारण. करी १९ पैकी ६, त्यात १४ थ्रीपैकी ४. क्लेचे १० थ्रीपैकी २. म्हणजे दोन्हीकडचे मोठे खेळाडू अडखळत होते. फरक असा की लेब्रॉनचा फटका जात नव्हता तेव्हा तो दुसरं काहीतरी करत होता. पूर्ण मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (फटका अडवणं) या पाचही गोष्टींत दोन्ही संघांत तोच पहिला. प्लेऑफच्या कुठल्याही मालिकेत हे आधी कुणी केलं नव्हतं. करीचा फटका जात नव्हता तेव्हा त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. माझ्यासाठी वाद इथे मिटतो.

केव्हिन लव्हबद्दल कुणीच बोललं नाही. दुसऱ्या सामन्यात डोक्याला मार, तिसऱ्यात बाहेर, चौथ्यात बेंचवरून. त्याला विकून टाका म्हणणारे वर्षभर होते. सातव्यात १४ रिबाउंड, आणि तो मैदानावर असताना कॅव्हज १९ गुणांनी पुढे. शेवटच्या मिनिटात करी त्याच्यासमोर एकटा आला होता. लव्ह जाडजूड, पायाने मंद. करीने डावी-उजवी सगळं करून बघितलं, लव्ह हलला नाही. थ्री चुकला.

पहाटे_साडेपाच:

लव्हचा तो बचाव!!! पोस्टर लावावं असा.

बरं, एक बाजूचा प्रश्न. ७३ च्या मागे धावलेच नसते तर? शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळे मुख्य खेळाडू खेळत होते. ७३ वा विजय १३ एप्रिलला आला, त्याच रात्री दिग्गज कोबी ब्रायंट शेवटचा सामना खेळून ६० गुण करून गेला. शनिवारपासून प्लेऑफ. विश्रांती मिळाली असती तर करीचे पाय टिकले असते असं मला वाटतं.

ओकलंडची_लेक:

आमच्या प्रशिक्षकांनी, स्टीव्ह कर यांनी, त्यांना विचारलं होतं, खेळाडूंनीच विक्रम निवडला. मी त्यांच्या बाजूची आहे. ८२ पैकी ७३ हे पुन्हा बघायला मिळेल की नाही कुणास ठाऊक, आणि त्यातले अकरा सामने मी स्वतः अरीनात बसून पाहिले. ते मी कुणाला परत देणार नाही. अंतिम फेरीच्या आधीच्या मालिकेत ओक्लाहोमाविरुद्धही आम्ही ३-१ ने मागे होतो. सहाव्या सामन्यात त्यांच्या घरी क्लेने ११ थ्री मारून ४१ गुण केले आणि आम्ही परत आलो. थकलेला संघ असं करत नाही.

माझं खरं दुःख त्यानंतरचं आहे. त्या उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या करारामुळे संघांची पगारमर्यादा ७ कोटी डॉलरवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली. बार्न्स आणि बोगट डॅलसला गेले आणि ४ जुलैला केव्हिन ड्युरंट आमच्याकडे येतो म्हणाला. म्हणजे ज्या ओक्लाहोमाला आम्ही नुकतं हरवलं त्यांचा सर्वोत्तम खेळाडू. २०१७ ला ४-१, २०१८ ला ४-०. दोन चषक आले. ऑरॅकलमध्ये लोक नाचले, मीही नाचले. पण २०१५ आणि २०१६ चा संघ माझा होता. ड्युरंटचा संघ अजिंक्य होता आणि त्याच्यासाठी माझी छाती कधी धडधडली नाही. सातवा सामना जिंकलो असतो तर ड्युरंट आलाच नसता, तोच संघ पुढे वाढला असता. त्या चार गुणांनी माझं हेही नेलं.

नागपाडा_गार्ड:

ताई, हे अगदी खरं बोललात. माझ्या पोरांपैकी निम्मे करीचे भक्त. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स आले तेव्हा मी वीस पोरं घेऊन गेलो होतो, पहिला सामना शाळकरी मुलांसाठीच ठेवला होता. सराव चालू असतानाच पोरं मला विचारत होती, "सर, वॉरियर्स कधी येणार?" किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईचेच, आणि आधी ते वॉरियर्सच्या भागीदारांत होते, हे सांगितलं तेव्हा त्यांना किंग्जही थोडे आपले वाटायला लागले.

शेवटचं एक. सगळे लेब्रॉनच्या त्या ब्लॉकबद्दल बोलतात. पावणेदोन मिनिटं उरलेली, ८९-८९, इग्वोडाला आणि करी बॉल घेऊन सुटलेले, लेब्रॉन मागून धावत येतो आणि बोर्डला टेकवून बॉल अडवतो. मी पोरांना ती चित्रफीत दाखवतो तेव्हा लेब्रॉनवर थांबवत नाही. आधी जे. आर. स्मिथवर थांबवतो. तो मागे पळाला, इग्वोडालाच्या समोर आला आणि हात वर करून सरळ उडी मारली. फाउल केला नाही. त्यामुळे इग्वोडालाला हवेत बॉल खाली घेऊन पुन्हा वर न्यावा लागला. अर्धा सेकंदही नसेल. तेवढ्यात लेब्रॉन पोचला. स्मिथ पळाला नसता तर लेअप गेला असता, ९१-८९ झालं असतं, आणि हा धागा लेकताईंनी काढला असता.

त्या खेळीची गुणपत्रिकेत स्मिथच्या नावावर काहीच नोंद नाही.

ओकलंडची_लेक:

गार्डदादा, आत्ता जाऊन बघितलं. दहा वर्षांत तो ब्लॉक मी पूर्ण कधी पाहिलाच नव्हता, दरवेळी आधीच तोंड फिरवायचे. तुम्ही म्हणता तसंच आहे. इग्वोडाला बॉल खाली घेतो.

सहावा_माणूस, ग्रीनच्या निलंबनावर मी ठाम आहे. पण तुमच्या मित्राला सांगा, दिलेला चषक असा नसतो. एवढं मागे पळून कुणाला काही फुकट मिळत नाही.

सहावा_माणूस:

सांगतो. येत्या रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतोय. पाचव्या सामन्यापासून लावणार आहे.